भट्टीवाल्याची डबी

रोज सकाळी सातला मी झ्वियादच्या खिडकीतून पाव घेते.
शोती म्हणतात तिला इकडे. होडीसारखी, दोन्ही टोकं निमुळती.
घरी पोचेपर्यंत एक टोक मी खाऊन टाकलेलं असतं.

तो कमरेपासून वाकतो तोनेच्या तोंडात,
रांजणासारखी मातीची भट्टी ती.
आतल्या भिंतीला कणीक थापतो, वर येतो, पुन्हा वाकतो.
दिवसाला चारशे वेळा. एकोणीस वर्षं.
मी बघत होते, पण त्याचा अर्थ लावला नव्हता.

ऑक्टोबरात एका डबीवर त्याचं आडनाव आलं.

कुतायसीत बातमीला पाय नाहीत, चाकं आहेत,
म्हणून मी तोंडाला कुलूप लावलेली बाई.
थेंब काचेवर घेतला, चौकटी मोजत बसले.
शंभरात पुढे जाणारे अकरा.
बाकीचे जागच्या जागी थरथरणारे,
किंवा नुसतेच पडलेले.
कुणाला दोन डोकी, कुणाची शेपटी वळलेली.
तसे शंभरात चार सुबक निघाले तरी आम्ही बरं म्हणतो.
इथे एक होता.

कागद लावायला गेले तर शेजारी एतेरीची फाइल,
तीन बोटं जाड.
नळ्या तपासल्या, संप्रेरकं तपासली, पोटात दुर्बीण घातली,
दोनदा बीजं काढली, दोनदा गर्भ तिसऱ्या दिवशी थांबला.
सासूनं गेलातीच्या मठात मेणबत्त्या लावल्या, सुनेच्या नावानं.
सहा वर्षं.
त्याची फाइल म्हणजे माझ्या हातातला हा कागद.

डॉक्टर नातेला आडपडदा ठेवत नाही.
"देवानं ती शरीराबाहेर टांगली ती उगाच नाही, बाबा.
त्यांना गारवा लागतो. तू रोज चुलीवर धरतोस."
भट्टीपुढे कधी झाला नसेल इतका तो लाल झाला.
"नवं बी तयार व्हायला अडीच महिने जातात.
आज जे सोडशील त्याचा हिशेब जानेवारीत लागेल.
लागेलच असंही नाही."
एतेरी खिडकीबाहेर बघत होती.
तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरताना मला दिसलं,
किंवा मला तसं वाटलं.

भट्टीवर आता भाचा वाकायला लागला.
पंधरा दिवस सगळी गल्ली करपलेला पाव खात होती.
झ्वियाद मागच्या खोलीत, थंड ओट्यावर, कणीक मळत.
सिगारेट सुटली, पुन्हा लागली, मग खरंच सुटली.
घट्ट जीन्स जाऊन ढगळ पाटलोण आली.
रात्री दोनला उठणं बंद, सहा तास सलग झोप.
अक्रोड तर इकडे प्रत्येक भाजीत असतात,
तेवढं एक सोपं गेलं.

नवीन वर्षाच्या पंगतीत तमादा उठला, शिंग उंचावून म्हणाला,
"लेकराबाळांसाठी!"
सगळ्यांनी वाइन रिचवली.
झ्वियादच्या शिंगात डाळिंबाचा रस.
चुलतभाऊ हसला, "बायकोनं दमात घेतलंय वाटतं?"
तेव्हा तो म्हणाला,
"माझ्यामुळे होत नव्हतं. हिच्यामुळे नाही."
एवढंच. आणि खाली बसून रस प्याला.
सासूनं बशीतला घास बशीतच ठेवला म्हणे.

हे मला भाच्यानं सांगितलं, पाव गुंडाळता गुंडाळता.
मी कुलूप सांभाळत राहिले
आणि किल्ली त्यानं स्वतःच पंगतीत फेकून दिली होती.

जानेवारीच्या डबीत अठ्ठावीस.
अठ्ठावीस म्हणजे चमत्कार नव्हे, निवडायला वाव.
मी बराच वेळ निवडला,
तांदूळ निवडतात तसा, पण एकेक, धावता.
मग केसाहून बारीक सुईत एक घेतला
आणि एतेरीच्या बीजात हलकेच सोडला. असं सात वेळा.
पाचव्या दिवशी दोन टिकले होते.
गुरुवारी एक आत ठेवला, एक गोठवला.

आता चौदा दिवस. त्यांतले नऊ गेले.

आज खिडकीत भाचा म्हणाला,
"मामा विचारतोय, नीट भाजलाय का?"
मागच्या अंधारात कणकेवरचे हात थांबले होते.
मी म्हटलं, एक बाजू जरा कच्ची आहे,
अजून कळायचं नाही.
आणि टोक तोडून तोंडात टाकलं.